राखणदार आणि पाचवे कारण

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकास, गगनबावड्याच्या कड्यांखाली, कोकण रेल्वेचे वैभववाडी रोड हे लहानसे स्थानक आहे. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हांला ते सरहद्दीवरचे, डोंगराच्या आणि पावसाच्या स्वाधीन असलेले ठिकाण वाटते. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईस निघालेल्या सुटीच्या विशेष गाडीस याच स्थानकाजवळ दरडीमुळे अपघात झाला आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणास मुकली.

अशा प्रसंगी ‘देवाची करणी’ हे शब्द आपल्याकडे सहज उच्चारले जातात. शोकाकुल घरी ते सांत्वनापुरते असतील तर त्यांस कोणी हरकत घेऊ नये. परंतु तेच शब्द चौकशीच्या दप्तरात निर्णय म्हणून शिरले, तर ती मी ईश्वराची निंदाच समजेन. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्यांत दैवाचा क्रम पाचवा आहे. रुळांसाठी कापलेला डोंगर हे येथे अधिष्ठान, त्याचा उतार ठरविणारा तो कर्ता, दगड अडविणारी जाळी आणि भिंत हे करण, आणि पाऊस लागताच गाड्यांचा वेग उतरविणे व रात्रंदिवस गस्त घालणे ही चेष्टा. या चौघांचा जाब घेतल्यावाचून पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही.

यात श्रद्धेचा उच्छेद होतो, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच मुलखातील श्रद्धा नीट पाहावी. आमच्या गावांचा राखणदार गाभाऱ्यात बसून रक्षण करीत नाही. तो रात्री गावची हद्द फिरतो. आरवलीच्या वेतोबास भाविक चामड्याच्या भल्या थोरल्या वहाणा वाहतात, कारण फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी लोकांची निष्ठा आहे. रक्षण म्हणजे चालणे, आणि तेही कोणी पाहत नसताना, हा अर्थ त्या झिजलेल्या तळव्यांत जितका स्पष्ट आहे तितका मला फार थोड्या ग्रंथांत आढळला.

आषाढातल्या मध्यरात्री बॅटरी, तांबडे निशाण आणि रुळांवर ठेवावयाचे इशाऱ्याचे फटाके घेऊन कटिंगमधून चालणारा ट्रॅकमन याच धर्माचे आचरण करीत असतो. त्याच्या कर्माचे फळ डोळ्यांस दिसत नाही. जी गाडी सुखरूप गेली तिच्यातील झोपलेल्या चाकरमान्यास आपण कशातून वाचलो याची वार्ताही नसते, आणि गस्तीच्या पुस्तकात राहते ती एक सही. निष्काम कर्माचे याहून निर्भेळ उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र करणाऱ्याने फलाची आशा सोडली म्हणून करविणाऱ्याची जबाबदारी सुटते, असा अर्थ कोणी काढू नये.

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी देवाला गाऱ्हाणे घालतात, तेव्हा गुराढोरांबरोबर आणि मुंबईकरांबरोबर या माणसाचीही राखण मागितली जावी, असे मला मनापासून वाटते. परंतु त्याने एका रात्री किती अंतर चालावे, चिंब भिजल्यावर त्याला टेकायला कोरडी चौकी आहे की नाही, आणि दरड दिसताच स्थानकास इतल्ला देण्याचे साधन त्याच्या हाती आहे की नाही, हे प्रश्न देवापुढे न मांडता रेल्वेच्या कचेरीत मांडले पाहिजेत. ते पहिल्या चार कारणांतले आहेत.