सोबत आणि सफर

दहावी-बारावीचे निकाल लागले, आय.टी.आय.ची प्रमाणपत्रे हाती आली, की सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यांत एक वाक्य दरवर्षी ऐकू येते : 'आम्ही चौघे पुण्याला चाललोय, तू पण चल.' सांगणारा दोस्त असतो, ऐकणाराही दोस्तच असतो. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे. पण ज्याने आजवर घराबाहेर एक रात्र काढलेली नाही, त्याला ते नकाशावरच्यापेक्षा फार मोठे वाटते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शाळा सोडून गेलेली मुले कधी तरी परत येतात आणि विचारतात, 'सर, जाऊ का?' कधी त्यांचे वालिद येतात आणि विचारतात, 'पाठवू का?' प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात नीतीचे तीन-चार प्रश्न दडलेले आहेत. ते सुटे करून पाहिल्याशिवाय 'जा' म्हणणेही बरोबर नाही आणि 'नको' म्हणणेही बरोबर नाही.

पहिली गोष्ट अशी, की इथे दोन निर्णय एकमेकांत गुंतलेले असतात. एक जाण्याचा आणि दुसरा कोणाबरोबर जायचे याचा. अरबीत एक जुनी म्हण आहे, की रस्त्याच्या आधी सोबती पाहावा आणि घराच्या आधी शेजारी पाहावा. आपल्याकडे वाझांतूनही ती सांगितली जाते. मोठ्या शहाणपणाची म्हण आहे. पण ती कोणासाठी आहे? ज्याने सफर करायचे ठरवले आहे त्याच्यासाठी. जाणे पक्के आहे, आता सोबत नीट निवड, एवढेच ती सांगते. सोबती निघाला म्हणून तूही नीघ, असे ती सांगत नाही. आमच्या मुलांच्या बाबतीत क्रम उलटा होतो. सोबत आधीच ठरलेली असते, आणि सोबतीमागून सफर ओढली जाते.

मुलांना आम्ही एक प्रश्न विचारतो. समजा, सहा महिन्यांनी तुझे तिन्ही दोस्त परत आले, तर तू तिथे राहशील का? जो 'राहीन' म्हणतो आणि का राहीन तेही सांगतो, त्याचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे. कोणाला चाकणच्या कारखान्यात काम शिकायचे असते, कोणाला नोकरी करून पदवी पुरी करायची असते, कोणाला घरच्या कर्जाचे हप्ते फेडायचे असतात. जो गप्प होतो, तो पुण्याला निघालेलाच नसतो. तो दोस्तांकडे निघालेला असतो, आणि दोस्त योगायोगाने पुण्यात असणार असतात. यात गुन्हा काही नाही. पण आपण नेमके कोठे चाललो आहोत हे माणसाला ठाऊक असले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की मास्तर, तुमचे हे पुस्तकी बोलणे झाले. गरिबाचा मुलगा एकटा शहरात जाऊन टिकेल का? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. माणसे नेहमी एकमेकांच्या आधारानेच गाव सोडत आली आहेत. आमच्या सोलापूरचेच पाहा. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे एकेकटे आले नाहीत. नात्यागोत्याने, गावकीने आले आणि या शहराचे माग त्यांनी चालवले. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीकडे सरकले, तेही काफिल्या-काफिल्यानेच. मुंबईत कोकणातल्या माणसांच्या गावाच्या नावाने खोल्या होत्या. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे गावोगावचे 'कूड' होते. नवखा माणूस बोटीतून उतरला की थेट तिथे जाई. एकटा निघालेला इब्न बतूतासुद्धा शेवटपर्यंत एकटा राहिला नाही. १३२५ साली एकविसाव्या वर्षी तो तंजाहून एकटाच निघाला खरा, पण पुढे काफिले मिळत गेले म्हणूनच त्याची सफर झाली. तेव्हा सोबत शोधणे हा काही पोरकटपणा नव्हे.

पण या जुन्या सोबतींत आणि आजच्या 'चल यार'मध्ये एक फरक आहे. गावाच्या खोलीला कायदा होता. कोणी किती पैसे भरायचे, आजारी पडलेल्याचे कोणी पाहायचे, काम सुटले तर किती महिने सांभाळायचे, सणाला गावी किती पाठवायचे, हे सारे ठरलेले असे. ते ठरवणारी वडीलधारी माणसे असत. माणसे एकमेकांना आवडोत वा न आवडोत, खोली चालत असे. नुसत्या दोस्तीला असा कायदा नसतो. दोस्तीत हिशेब काढणे हीच मुळी लाजेची गोष्ट समजली जाते. म्हणून जी दोस्ती चहाच्या टपरीवर दहा वर्षे टिकली, ती एका खोलीत दहा महिने टिकत नाही.

हिशेब साधा आहे. चौघांनी बारा हजारांची खोली घेतली, तर प्रत्येकी तीन हजार. एक परतला की प्रत्येकी चार हजार. दुसराही गेला की उरलेल्या दोघांवर सहा-सहा हजार. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि त्यावर सही एखाद-दुसऱ्याचीच असते. बाकीचे केव्हाही पिशवी उचलू शकतात. सही करणारा उचलू शकत नाही. घराची अनामत कोणी भरली, ती परत मिळाल्यावर कोणाला किती, हे बोलायला कोणाची जीभ रेटत नाही. कुरआन शरीफात कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि तीही सर्वांत लांब आयतीत. ती काय फक्त परक्यांसाठी आहे? लिहून ठेवणे म्हणजे दोस्तावर शक घेणे नव्हे. आपल्या विसरभोळेपणापासून दोस्ताला वाचवणे होय. तिघे सफरीला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावे, अशी हदीस आहे. एका खोलीत राहणाऱ्या चौघांनाही ती लागू पडते, असे आम्हांला वाटते. बी.एड.च्या काळात आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. महिन्याला एकाने वही सांभाळायची असा रिवाज होता. तिघांचीही दोस्ती आज टिकून आहे, त्याचे बरेचसे श्रेय त्या वहीला आहे.

'हो' म्हणण्याचाही एक प्रश्न आहे. वादा पाळणे ही आपल्याकडे ईमानाची गोष्ट मानली जाते. मग रात्री गप्पांच्या भरात 'मी येतो' म्हणालेला मुलगा सकाळी घरची हालत पाहून 'येत नाही' म्हणाला, तर तो वादा मोडतो का? आमचे मत असे, की जोवर त्याच्या शब्दावर दुसऱ्याने पैसे लावलेले नाहीत, नोकरी सोडलेली नाही, तोवर त्याला मागे फिरण्याचा हक्क आहे. मात्र त्याने ते तोंडावर आणि लवकर सांगावे. अनामत भरून झाल्यावर मागे फिरायचे असेल, तर आपल्या वाट्याचे नुकसान भरून फिरावे. आणि दोस्तांचेही एक कर्तव्य आहे. जो अडखळतो आहे त्याला 'डरपोक' म्हणू नये. टोमणा मारून काढलेला 'हो' हा राजीखुशीचा 'हो' नसतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. जो राहतो, त्याचे काय? चौघांतल्या तिघांचे घरी थोरले भाऊ आहेत. चौथ्याचे वालिद अर्धांगाने अंथरुणावर आहेत आणि अम्मी विड्या वळते. तो राहतो. पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे मोहल्ल्यात 'मागे राहिलेला' म्हणून पाहिले जाते. ईदला दोस्त नवे मोबाईल घेऊन येतात आणि त्याची नजर खाली जाते. हे पाहून आमचा जीव तुटतो, कारण आपली परंपरा असे शिकवत नाही. ६२२ सालच्या हिजरतीचा प्रसंग आठवून पाहावा. मक्केतून माणसे एकदम निघाली नाहीत. लहान लहान टोळ्यांनी निघाली. पैगंबर साहेब (स.) हजरत अबूबकर (रजि.) यांना सोबत घेऊन निघाले, तेव्हा हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले गेले. कशासाठी? मक्केच्या लोकांच्या अमानती पैगंबर साहेबांकडे होत्या, त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. ज्या शहराने छळले त्या शहराच्याही अमानती बुडवून निघायचे नव्हते. हजरत अलींचे तेव्हा मागे राहणे हा हिजरतीचाच एक भाग होता. त्यांना 'मागे राहिलेले' कोण म्हणेल?

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जाण्याआधी आपल्याकडे कोणाच्या अमानती आहेत ते पाहावे. अमानत फक्त पैशांचीच नसते. म्हातारे आईबाप, शिकणारी धाकटी बहीण, उधारीवर किराणा देणारा दुकानदार, याही अमानतीच आहेत. त्या परत केल्यावाचून किंवा भरवशाच्या हाती सोपवल्यावाचून निघणे म्हणजे पळणे होय. दुसरी, जो अमानत सांभाळत राहतो त्याचा जाणाऱ्यांवर हक्क असतो. त्याच्या वालिदांना दवाखान्यात न्यायचे असेल तर पुण्यातल्या तिघांनी खर्चाचा वाटा उचलावा, कामाची खबर त्याला आधी द्यावी. चौघे दोस्त म्हणून निघण्याचा बेत केला होता ना? मग एक राहिला तरी दोस्त चौघेच आहेत.

हिजरतीचा दुसरा प्रसंगही इथे उपयोगी आहे. मदिनेत पोहोचल्यावर मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा लावून दिला गेला. हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपल्या मुहाजिर भावाला, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना, आपल्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा देऊ केला. त्यांनी दुवा दिली आणि एवढेच विचारले, की बाजार कोठे आहे. मग ते पनीर-तूप विकू लागले आणि पुढे मोठे ताजिर झाले. देणाऱ्याचे मन मोठे होतेच, पण घेणाऱ्याने त्या मोठेपणाला टेकून बसायचे नाकारले. सोबत ही उभे राहण्यासाठी असते. ज्या सोबतीत माणूस बाजाराचा रस्ता विचारायचे विसरतो, ती सोबत त्याला लंगडे करते.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांची एक अडचण आम्ही रोज पाहतो. त्यांना मराठी समजते, बाजारात बोलताही येते. पण ऑफिसात अर्ज द्यायची वेळ आली की जीभ अडते. चौघे मिळून शहरात जातात तेव्हा त्यातला एक बरे मराठी बोलणारा असतो. घरमालकाशी तोच बोलतो, बँकेत तोच जातो, ठेकेदाराशी भांडतोही तोच. बाकीचे तिघे वर्षभर एका खोलीत आपली दखनी बोलत राहतात. वर्षाने विचारावे, पुण्यात ओळखीचे कोण? तर तीच तीन नावे. शहर अनोळखी ते अनोळखीच राहिले. आणि नाव ऐकून घर नाकारणारे मालक आजही भेटतात. अशा वेळी आपली माणसे जवळ असावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच शहरात दार उघडणारे शेजारीही असतात, आणि ते आपल्या खोलीत कोंडून घेतल्याने भेटत नाहीत. हिजरतीच्या वाटेवरचा वाटाड्या अब्दुल्लाह बिन उरैकित तेव्हा मुसलमान नव्हता, हे विसरू नये. रस्ता माहीत असणाऱ्या आणि भरवशाच्या माणसावर विश्वास टाकला गेला.

मुलींचा प्रश्न वेगळा काढायचे आमच्या मनात नव्हते, पण समाजच तो वेगळा काढतो. मुलगा दोस्तांबरोबर निघाला तर ती हिंमत. मुलगी मैत्रिणींबरोबर नर्सिंगला किंवा डी.फार्मसीला निघाली तर ती काळजी. काळजी खोटी नाही. राहायची जागा, रात्रीची ड्युटी, येण्याजाण्याची वाट हे सारे पाहिलेच पाहिजे. पण पुष्कळदा असे होते, की मैत्रिणीच्या घरून नकार आला म्हणून हिचेही शिक्षण थांबते. म्हणजे हिच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्याच घरात होतो. मुलाला आपण विचारतो, दोस्त परतले तर तू राहशील का? मुलीच्या आईवडिलांनी स्वतःला विचारावे, मैत्रीण नाही निघाली तर वसतिगृह, नातेवाईक, ओळखीचे कुटुंब अशी दुसरी सोय आपण शोधू का? माप दोघांना एकच असावे.

शेवटी मशवरा आणि इस्तिखारा. मशवरा आपल्याच चौघांत केला तर तो मशवरा नव्हे, तो एकाच आवाजाचा पडसाद असतो. जो शहरात जाऊन स्थिरावला त्याला विचारावे, आणि जो परत आला त्यालाही विचारावे. परत आलेला माणूस जास्त खरे सांगतो. इस्तिखाऱ्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे, की दोन रकात पढून झोपले की ख्वाबात उत्तर मिळते. इस्तिखारा म्हणजे भलाई असेल तर वाट सोपी कर आणि नसेल तर मन वळव, अशी अल्लाहकडे केलेली मागणी. आधी आपली अक्कल वापरायची, मग मागायचे. अक्कल वापरायची मेहनत वाचावी म्हणून तो नाही.

तेव्हा 'सर, जाऊ का?' याला आमचे उत्तर असे असते : कशासाठी जातोस ते एका वाक्यात सांग. कोणाच्या अमानती तुझ्याकडे आहेत त्या मोज. दोस्तांबरोबर हिशेबाची वही ठेव. पहिल्या महिन्यात दोस्तांवाचून एक तरी काम स्वतः कर. आणि जो राहिला त्याला दर जुम्याला फोन कर. एवढे जमत असेल तर खुशाल जा, दोस्तांबरोबर जा. जमत नसेल तर थोडे थांब. शहर कोठे जात नाही. आणि थांबल्याने जी दोस्ती तुटेल, ती भाड्याच्या खोलीतही टिकली नसती.