रस्त्याचे देणे कोणाला फेडणार?

एके सकाळी आपल्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पत्रे उभे राहतात. पदपथावरील पेव्हर ब्लॉक उखडले जातात, निम्म्या रस्त्यात चर खणला जातो आणि उरलेल्या निम्म्यातून माणसे, हातगाड्या व दुचाकी एकमेकांना चुकवीत चालू लागतात. तरुण माणूस चरावरील फळी सहज ओलांडतो. परंतु फजरच्या अंधारात काठी टेकीत मशिदीकडे निघालेले आजोबा दाराशीच थांबतात. गरोदर स्त्रीसाठी बोलावलेली रिक्षा नाक्यावरूनच परत फिरते. एखाद्या घरी मृत्यू झाला, तर जनाजा घेऊन ती फळी ओलांडताना खांदा देणाऱ्यांचे पाय कापतात. रस्ता दुरुस्त होण्यात सर्वांचे हित आहे, हे या सर्वांना मान्य असते. तरीही त्या हिताची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. या विषमतेविषयी आपला दीन काय शिकवतो, याचा विचार करणे आवश्यक आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. या शहरात सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यांपैकी सुमारे ७०० किलोमीटर रस्ते दोन टप्प्यांत सिमेंट काँक्रीटचे करण्याचे काम २०२३ पासून महानगरपालिकेने हाती घेतले आहे. त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. पावसाचे पाणी भेगांतून आत शिरले की खडीवरील डांबराची पकड सुटते, चाकांखाली खडी निघते आणि खड्डा पडतो. काँक्रीट अधिक टिकते. मात्र त्यासाठी जुना थर काढावा लागतो, खालच्या वाहिन्या नीट कराव्या लागतात आणि ओतलेल्या काँक्रीटला अनेक दिवस पाणी मारून पक्के होऊ द्यावे लागते. तेवढे दिवस वाट अडणारच.

इस्लामी विधिशास्त्राने अशा प्रसंगांचा विचार पूर्वीच केलेला आहे. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या विधिसंहितेच्या आरंभी फिकहचे मूलभूत नियम दिले आहेत. सर्व जनतेची हानी टाळण्यासाठी काहींची हानी सोसावी लागते, असा त्यांतील एक नियम आहे. रस्ता खोदण्याला त्याचा आधार मिळतो. परंतु त्याच्याच शेजारी आणखी दोन नियम आहेत. गरजेने मिळालेली मुभा गरजेपुरतीच असते आणि एक हानी तिच्यासारख्याच दुसऱ्या हानीने दूर करता येत नाही. आठ दिवसांच्या कामासाठी दोन महिने चर उघडा ठेवणे, किंवा खड्ड्यात पडणाऱ्याला वाचवण्यासाठी केलेल्या कामात दुसऱ्याला पाडणे, हे या नियमांत बसत नाही.

हनफी फुकहांनी सार्वजनिक वाटेवर विहीर खोदणाऱ्याचा प्रश्न चर्चिला आहे. शासकाच्या परवानगीवाचून खोदलेल्या विहिरीत कोणी पडून मेला, तर भरपाईचा भार खोदणाऱ्याच्या बाजूवर येतो. परवानगीने खोदले असेल, तर तो भार राहत नाही. त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट केले की, सार्वजनिक रस्त्याचा वापर प्रत्येकाला करता येतो, तो इतरांच्या सुरक्षिततेच्या अटीवर. परवाना खोदण्याचा मिळतो, निष्काळजीपणाचा मिळत नाही. कागद जवळ असलेला ठेकेदार न्यायाधीशासमोर कदाचित सुटेल. परंतु रात्री चराभोवती दिवा का लावला नाही, हा प्रश्न अल्लाहसमोर शिल्लक राहीलच.

येथे एक गंभीर गोष्ट लक्षात घ्यावी. हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, ज्याचे त्याने माफ केल्याखेरीज सुटत नाहीत, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. शेजाऱ्याचे पैसे बुडवले असतील, तर त्याच्या दारी जाऊन क्षमा मागता येते. रस्त्यावर ज्याची वाट अडवली, त्याला कोठे शोधणार? १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा आदेश स्वागतार्ह आहे. तथापि, ज्याची इजा नोंदली गेली त्यालाच न्यायालय भरपाई देऊ शकते. ज्यांची नमाज जमाअतीतून सुटली, ज्यांची रोजंदारी बुडाली, ज्या वृद्धेने महिनाभर घराबाहेर पाऊल टाकले नाही, त्यांची नोंद कोठेच नसते. हे धनको अनोळखी आहेत आणि असंख्य आहेत. म्हणूनच रस्त्याचे देणे सर्वांत सहज चढते आणि सर्वांत कठीणपणे फिटते.

हा हिशेब केवळ अधिकारी व ठेकेदार यांचाच आहे, असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. दुकानाचा माल पदपथावर मांडणारे आपणच असतो. घरदुरुस्तीचा राडारोडा कोपऱ्यावर टाकणारे आपणच असतो. जुमाच्या नमाजसाठी घाईने जाताना दुचाकी आडवी लावून शेजाऱ्याचे फाटक अडवणारेही आपल्यातच आहेत. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या हदीसनुसार, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यावर बसण्यापासून सावध केले आणि बसणे भागच असेल, तर रस्त्याचा हक्क द्या, असे सांगितले. त्या हक्कांत नजर खाली ठेवणे आणि सलामला उत्तर देणे यांबरोबरच कोणाला त्रास न देणे हेही आहे. एका मोहिमेच्या मुक्कामात लोकांनी जागा अडवून वाट बंद केली, तेव्हा असे करणाऱ्याचा जिहाद नाही, अशी घोषणा प्रेषितांनी (स.) करविली, असे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. अल्लाहच्या मार्गात निघालेल्यांनाही जर वाट अडवण्याची सवलत नव्हती, तर आपल्याला ती कोणी दिली?

मग हे देणे फेडायचे कसे? मार्ग हदीसमध्येच सापडतो. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. एका माणसाने वाटेवरील काटेरी फांदी बाजूला केली आणि अल्लाहने त्याला क्षमा केली. ती फांदी कोणाच्या पायात रुतली असती, हे त्याला ठाऊक नव्हते. ज्यांना आपण ओळखत नाही अशांना त्रास देता येतो, तसे ज्यांना ओळखत नाही अशांचे भलेही करता येते.

तेव्हा आपल्या गल्लीत काम सुरू झाले, तर उन्हात खणणाऱ्या मजुरांवर राग काढू नका. चर त्यांनी ठरवलेला नाही. त्यांना पाणी द्या. फळी डळमळत असेल, तर ती पक्की करून घ्या. चराभोवती दिवा नसेल, तर संबंधित कार्यालयात लेखी तक्रार करा आणि तो लागेपर्यंत पाठपुरावा करा; हेही वाटेतील त्रास दूर करणेच आहे. मोहल्ल्यातील तरुणांनी आजोबांना फजर व इशाला हात धरून मशिदीपर्यंत न्यावे. आणि काम पूर्ण होऊन नवा पदपथ तयार होईल, त्या दिवशी आपल्या दुकानाचा माल उंबरठ्याच्या आतच ठेवावा.

अल्लाह आपणा सर्वांना रस्त्याचा हक्क ओळखण्याची व तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.