वाहनाचें वाहन

वाहनानें वाहनास पाठीवर घेऊन जावें, ही कल्पना प्रथमदर्शनीं थोडी हास्यास्पद वाटते. गणपतीला उंदरावर बसविणाऱ्या आमच्या पूर्वजांनींहि उंदराला दुसऱ्या उंदरावर बसविण्याचें धाडस केलें नाहीं. तथापि पनवेल तालुक्यांतील उलव्याहून अटल सेतूकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें दृश्य आम्हीं पाहिलें आहे. जमिनीला पोट टेकेल इतकी ठेंगणी, तकतकीत, वेगासाठींच घडविलेली शर्यती मोटार. आणि ती स्वतः न धांवतां एका सपाट पाठीच्या मालमोटारीवर पट्ट्यांनीं जखडून बसलेली! १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेल्या ह्या २१.८ किलोमीटर लांबीच्या सेतूवर दुचाकीस, रिक्षास आणि ट्रॅक्टरास प्रवेश नाहीं. म्हणजे जवळच्या गव्हाणचा एखादा कामकरी आपल्या चालत्या दुचाकीवरून तो ओलांडूं शकत नाहीं. परंतु जिचें इंजिन बंद आहे अशी मोटार दुसऱ्याच्या पाठीवर बसून सुखानें मुंबईस पोंचते.

हौशी मंडळींचें समाधान मात्र एवढ्यानेंहि होत नाहीं. मोटार निवडक, तर तिचें वाहनहि तिला साजेसें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें असतें. मग साठ-सत्तर वर्षांची एखादी मालमोटार शोधावयाची, तिला कापून, जोडून, लांबवून मोटारवाहक बनवावयाचें, आणि रस्त्यावर आणतांना तें जणूं पहिल्यापासून तसेंच होतें असें दाखवावयाचें! ह्या उद्योगांत नीतीचा प्रश्न तो कोणता, असें वाचक विचारतील. आमच्या मतें त्यांत दोन प्रश्न आहेत, आणि दोन्ही क्षुल्लक नाहींत. जी वस्तु धांवण्यासाठीं निर्माण झाली तिला धांवूं न देणें हा तिचा सन्मान कीं तिची विटंबना, हा पहिला. नव्याजुन्याच्या मिश्रणास जुनें म्हणणें खरें कीं खोटें, हा दुसरा.

वेगवंतास वाहून नेण्याची रीत मोटारींबरोबर जन्मली असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. कोल्हापूर संस्थानांत पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार करविण्याची पद्धत विसाव्या शतकांतहि चालू होती. चित्ता म्हणजे भूचरांतील सर्वांत वेगवान प्राणी. पण शिकारीच्या माळापर्यंत तो चालत जात नसे. डोळ्यांवर टोपी चढवून त्यास गाडींत बसवीत, आणि काळविटांचा कळप आटोक्यांत आला म्हणजे टोपी काढून सोडीत. ह्याचें कारण प्रतिष्ठा नव्हे. चित्त्याची धांव कांहीं शें मीटरांतच संपते. एरवींच्या रस्त्यावर ती खर्च केली तर नेमक्या क्षणीं तो रिता राही. गाडीची संथ चाल ही चित्त्याच्या वेगाची तिजोरी होती. (तो चित्ता भारतांतून नाहींसा झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें, १७ सप्टेंबर २०२२ रोजीं कुनोच्या वनांत जे आठ चित्ते सोडले, ते नामिबियाहून विमानांतून आले. वाहून नेण्याचें साधन बदललें, पद्धत तीच!)

दुसरें उदाहरण याहून जिव्हाळ्याचें आहे. आळंदीहून पंढरपुरास निघणाऱ्या पालखींत ज्ञानेश्वरांच्या पादुका असतात. पादुका म्हणजे चालण्याचें साधन. परंतु ह्या पादुकांनीं कोणी चालत नाहीं, लाखों लोक त्यांच्यासह चालतात. माउलींचा म्हणून जो अश्व सोहळ्यांत असतो, त्यावर कोणी स्वार होत नाहीं. येथें मात्र वेगाची काटकसर हें कारण नव्हे; येथें भाव आहे. वस्तूचें नेहमींचें काम थांबवून तिला उचलून घेणें म्हणजे तिला पूज्य मानणें, हा अर्थ महाराष्ट्रांतील लहान पोरालाहि कळतो.

शर्यती मोटार वाहून नेणाराने स्वतःस विचारावयाचें तें हेंच कीं, आपण चित्त्याचा गाडीवान आहों कीं पालखीचे भोई? मोटार शर्यतीच्या पटांगणावर नेऊन तेथें मनमुराद धांवडावयाची असेल, तर वाटेंतील खड्डे, गतिरोधक आणि गर्दी यांपासून तिला राखणें शहाणपणाचें आहे. पण मोटार एका बंद गॅरेजांतून दुसऱ्या बंद गॅरेजांत, एका प्रदर्शनांतून दुसऱ्या प्रदर्शनांत फिरत राहिली, तर तिला पालखींतील मान द्यावयाचा कोणत्या पुण्याईवर? पादुकांमागें कोणाचें तरी चालणें असतें. न चाललेल्या पायांच्या पादुका केवळ लांकूड होत.

मोटारीसाठीं खास वाहन घडविण्याची कल्पना कळसास पोंचली ती जर्मनींत. १९५५ च्या शर्यतींसाठीं डाइम्लर-बेंझ कारखान्यानें एक असा वाहक बांधला कीं जो स्वतःच शर्यती मोटारीसारखा धांवे. त्यास गाडीवाल्यांनीं 'निळा चमत्कार' म्हणून ओळखलें. ३०० एस गाडीच्या सांगाड्यावर ३०० एसएल मोटारीचें इंजिन, १९२ अश्वशक्ति, आणि वेग ताशीं सुमारें १७० किलोमीटर. चालकाची केबिन पुढील चाकांच्याहि पुढें लोटली होती. ह्याच वर्षीं, ११ जूनला, फ्रान्समधील ले मां येथील शर्यतींत ह्याच कारखान्याची एक मोटार प्रेक्षकांत कोसळली आणि ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. वर्षाअखेर कारखान्यानें शर्यती सोडल्या. मग वाहून नेण्यास कांहीं उरलें नाहीं. १९६७ सालीं तो निळा वाहक मोडींत काढण्यांत आला. पुढें १९९३ पासून छायाचित्रांच्या आधारें त्याची प्रतिकृति घडवूं लागले, ती २००१ सालीं पुरी झाली. ज्या वस्तूस तिच्या कर्त्यांनींच भंगारांत घातली, तीसाठीं पुढील पिढीनें सात-आठ वर्षें खर्चिलीं, हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें.

आपल्याकडे असें वाहन घडवावयाचें, तर कच्चा माल बहुधा मुंबईच्याच मातींत सांपडावयाचा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पूर्वीं डॉज आणि फार्गो मालमोटारी बाहेर पडत. त्यांचें गोल कपाळ, फुगीर पंखे आणि मिठाईच्या परातीएवढें सुकाणू ज्यांनीं लहानपणीं पाहिलें, त्यांच्या मनांतून तें जात नाहीं. समजा, उलव्यांतील एका सुखवस्तु गृहस्थास अशी एक फार्गो कोठें झुडपांत गंजत पडलेली मिळाली. तिचा दर्शनी भाग, म्हणजे केबिन, नाक आणि दिवे, तो राखील. मागील सांगाडा लांबवून त्यावर सखल पाटा बसवील. शर्यती मोटारीचें पोट जमिनीपासून चार-पांच इंचच वर, म्हणून चढण लांब आणि उतार मंद ठेवावा लागतो. नाहीं तर तिचें नाक पहिल्याच पायरीस घांसतें. ओझें मागील आंसाच्या फार मागें गेलें तर पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणू ऐकेनासें होतें. मोटार बांधावयाची तीहि चाकांना पट्टे घालून. सांगाड्याला जखडली तर तिच्या स्प्रिंगा निष्कारण ताणल्या जातात. ह्या साऱ्या गोष्टी पुस्तकापेक्षां मिस्त्रीच्या बोटांस अधिक ठाऊक असतात.

येथें आमचे कांहीं वाचक कपाळास आंठ्या घालतील. एका मोटारीच्या चैनीसाठीं दुसरी मोटार! अंगावर शाल आणि शालीवर शाल! हा आक्षेप आम्ही हंसून उडवीत नाहीं. परंतु चैनीचेहि प्रकार असतात. परदेशांतून तयार वस्तु मागवून दारांत उभी करणाराची चैन एका सहीनें पुरी होते. जुन्या मालमोटारीचा पत्रा सरळ करण्यांत महिनेच्या महिने जातात. त्यांत लोहार, डेंटर, वेल्डर, रंगारी, गादीवाला अशा दहा जणांच्या हाताला काम मिळतें, आणि नवीन गाड्यांच्या जमान्यांत विसरली जाणारी त्यांची कला आणखी कांहीं वर्षें जगते. चैन ती चैनच. पण ज्या चैनींत कोणाचें कसब वाढतें ती आम्हांस अधिक क्षम्य वाटते.

आतां दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न. त्या गृहस्थानें जें बनविलें तें जुनें कीं नवें? मिलिंदप्रश्न ह्या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास हाच प्रश्न रथाच्या मिषानें घातला आहे. आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि अखेर कबूल करतो कीं, हीं सारीं अंगें जुळून आलीं म्हणजे लोक त्यास 'रथ' हें नांव देतात, एवढेंच. नागसेनास आत्म्याचा विचार सांगावयाचा होता, म्हणून तो येथें थांबला. परिवहन कार्यालयास एवढ्यावर थांबतां येत नाहीं. त्यास दाखल्यावर कांहीं तरी लिहावें लागतें.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं 'विंटेज' शब्दाची व्याख्या केली आहे. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेलें, मूळ रूपांत राखलेलें, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें दुचाकी अथवा चारचाकी वाहन, तेंच विंटेज. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, पाटीवर 'व्हीए' हीं अक्षरें. आणि अशा वाहनाचा नित्याचा किंवा धंद्याचा वापर वर्ज्य. दुसऱ्या बाजूस मोटार वाहन कायद्याचें कलम ५२, परवानगीचे कांहीं अपवाद सोडल्यास, मूळ कारखानदाराच्या तपशिलाहून वाहन भिन्न होईल असा फेरफार मना करतें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें ह्याच अर्थाचा निर्णय दिला. म्हणजे आमच्या गृहस्थाची फार्गो कापली गेली त्या दिवशीं विंटेज राहिली नाहीं, आणि परवानगीवांचून कापली असेल तर रस्त्यावर येण्यासहि मुकली.

कायदा कडक आहे, पण त्यांतील एक भेद आम्हांस मार्मिक वाटतो. तो म्हणतो कीं, जुनें म्हणून मान हवा असेल तर काम सोड. काम करावयाचें असेल तर जुनेपणाचा मान सोड. आमचा कल, विचाराल तर, काम करणाराकडे आहे. पाटावर बसविलेल्या मोटारीपेक्षां तिला वाहणारी, डांबरावर घाम गाळणारी फार्गो आम्हांस अधिक मानाची वाटते. मात्र तिनें वयाविषयीं खोटें बोलूं नये.

हें खोटें कोठें धोक्याचें होतें, तें ब्रेकांपाशीं कळतें. जुन्या मालमोटारीचे ढोलाचे ब्रेक तिच्या काळच्या वेगासाठीं व ओझ्यासाठीं बनले होते. शुद्धतेचा आग्रह धरणारा हौशी ते तसेच राखूं पाहतो. पण घाटाच्या उतारावर त्याच्यापुढें जो रिक्षावाला चालला आहे, त्यानें ह्या शुद्धतेस कधीं संमति दिली होती? स्वतःच्या घरांतील खुर्चीचा पाय जुना ठेवावा. पडलों तर आपणच पडूं. रस्ता मात्र सर्वांचा. म्हणून असल्या वाहनांत सर्वप्रथम नवे व्हावयाचे ते ब्रेक, मग टायर, मग दिवे आणि सुकाणूचे सांधे. रूप जुनें आणि ब्रेक नवे, ह्यांत आम्हांस ढोंग दिसत नाहीं; ब्रेक जुनेच आहेत अशी फुशारकी मात्र गुन्ह्याच्या फार जवळची आहे.

उलव्याचें नांव ह्या विचारांत आम्हीं सहज घेतलें नाहीं. नव्या विमानतळासाठीं जीं दहा गांवें हललीं, त्यांत मूळ उलवे होतें. सुमारें नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी फोडून सपाट करण्यांत आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. टेकडी गेली, नदी वळली, घरें हललीं. सिडकोच्या उंच इमारतींच्या वसाहतीस लोक आज उलवे म्हणतात. आंस, चाकें आणि जूं सारींच बदललीं, आणि नांव राहिलें. नागसेनास येथें आणलें असतें तर तो म्हणाला असता कीं, ठीक आहे, नांव तेवढेंच असतें. पण ज्याचें देऊळ आणि मसणवट दोन्ही जुन्या जागीं होतीं, त्या म्हाताऱ्यास हें उत्तर पटवून पाहावें! त्याला नांव पुरत नाहीं. कोणती वीट कोठून आली, कोणतें झाड कोठें होतें, हें त्याला कोणीं तरी लिहून ठेवलेलें हवें असतें.

जर्मनींतील तो दुसरा निळा वाहक प्रतिकृति म्हणूनच दाखविला जातो. त्याचे कर्ते त्यास १९५५ चा म्हणत नाहींत. आमच्या फार्गोवाल्या गृहस्थानेंहि दरवाजाच्या आंतल्या बाजूस पितळेची एक पट्टी ठोकावी. केबिन अमुक सालची, सांगाडा अमुक सालीं लांबविलेला, इंजिन अमुक सालचें, ब्रेक नवे. आणि त्याखालीं, अक्षरें थोडीं लहान झालीं तरी चालतील, ज्या मिस्त्रींनीं आणि डेंटरनें तो पत्रा सरळ केला त्यांचीं नांवें.