पास झालास, पण गाडी कधी शिकणार?

पेढे ठेव तिकडे. आधी ऐक.

आज सुरतच्या पाल आरटीओत ट्रॅकवर तू पास झालास. आठचा आकडा रेषेला न शिवता काढलास. उलटा एस नीट घेतलास. चढावर गाडी बोटभरही मागे आली नाही. पॅरलल पार्किंग तर एका दमात केलंस. खोटं कशाला बोलू? हात चांगला आहे तुझा. म्हणूनच आज तुला सोडणार नाही. ज्याला येत नाही त्याच्यावर मी तोंड वाजवत नाही, त्याला शिकवतो. तुला येतं आणि तू करत नाहीस.

ट्रॅकवरून परत येताना सहारा दरवाजाजवळ काय झालं? डोक्यावर साड्यांचं पोटलं घेतलेली बाई रस्त्याच्या मधोमध अडकली होती. इकडून रिक्षा, तिकडून टेम्पो. तिने तुझ्याकडे बघितलं. तूही तिच्याकडे बघितलंस. दिसली नाही म्हणू नकोस, मी शेजारीच बसलो होतो. आणि तू काय केलंस? हॉर्न दिलास. ब्रेक कोणी दाबला? मी. माझ्या पायाखालचा ब्रेक. उद्या स्वतःची गाडी घेशील. तिच्यात डाव्या बाजूला ब्रेक नसतो. तिथे तुझी आई बसेल. ती काय दाबेल?

आणि वर मलाच सांगतोस, ‘सर, हे टेस्टमध्ये नसतं.’

या एका वाक्यासाठी तुला बसवून घेतलंय.

नसतं, कबूल. ट्रॅकवर पोटलंवाली बाई नसते. चाक रेषेवर गेलं का, गाडी मागे घसरली का, वेळेत उरकलं का, एवढंच तिथे मोजतात. तू आरशात बघितलंस का? पावसात पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलंस का? रात्री समोरून कोणी आलं तर अपर-डिपर केलंस का? अँब्युलन्सचा आवाज ऐकून डावीकडे सरकलास का? यातलं काही तो ट्रॅक विचारत नाही. विचारायलाच हवं. ही परीक्षा बदलली पाहिजे, हे मी कुणाही साहेबासमोर उभं राहून सांगेन. ट्रॅक काढू नका, हात किती बसलाय ते तिथे कळतं. पण ट्रॅक झाला की पोराला अर्धा तास रस्त्यावर आणा. रिंगरोडला आणा, उधना दरवाजाला आणा, संध्याकाळी मार्केट सुटताना आणा. तिथे तो कुणासाठी थांबतो ते बघा. मग द्या पक्कं लायसन्स.

ब्रिटनमध्ये परीक्षा खऱ्याखुऱ्या रस्त्यावर होते, जवळजवळ चाळीस मिनिटं. त्याआधी पडद्यावर रस्त्याच्या फिती दाखवतात आणि धोका उभा राहतोय असं वाटलं की बटण दाबायला लावतात. २००२ पासून आहे हे. ४ डिसेंबर २०१७ पासून त्यांनी परीक्षा पुन्हा बदलली. कोपऱ्यावरून गाडी उलटी नेणं आणि रस्त्यातच गाडीचं तोंड फिरवणं काढून टाकलं. आणि वीस मिनिटं स्वतःच्या अकलेने गाडी चालवायची, परीक्षक पावलोपावली सांगणार नाही, असं ठरवलं. रोज जे लागतं ते तपासायचं, एवढा साधा हिशेब.

थांब. मान डोलवू नकोस. ‘बघा, परीक्षाच चुकीची’ असं म्हणून सुटायला बघतोयस ना? नाचता येईना अंगण वाकडं, हे तुझ्या बाबतीत चालायचं नाही. तुला नाचता येतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १५ वा नियम कधी वाचलास? परीक्षेला बसणाऱ्याने काय काय करून दाखवायचं, त्याची यादी आहे त्यात. आरसा नीट लावणं आहे. सुरक्षित ओव्हरटेक आहे. वेळेवर इशारा देणं आहे. अचानक गाडी थांबवणं आहे. आणि जिथे सिग्नल नाही, पोलीस नाही, अशा क्रॉसिंगवर पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं, हेही आहे. कागदावर ती बाई १९८९ पासून उभी आहे. ट्रॅकवर तिला कोणी आणलं नाही, हा व्यवस्थेचा दोष. रस्त्यावर तिला बघून तू हॉर्न दिलास, हा कुणाचा? साहेबांच्या चुकीमागे किती दिवस लपणार?

दुसरी पळवाट मला तोंडपाठ आहे. ‘सर, सुरतमध्ये सगळे असंच चालवतात.’ सगळे म्हणजे कोण रे? तूच ना? दहावीत असताना मोपेडवर तिघं बसून डिंडोलीहून निघायचास, तो कोण होता? एक यू-टर्न वाचवायला राँग साइडने घुसतोस, तो कोण? कॅमेरा दिसला की मागे बसलेला मित्र नंबर प्लेटवर हात ठेवतो, त्याला कोण सांगतं? म्हणजे नियम माहीत आहे. कॅमेरा कुठे आहे तेही माहीत आहे. मेमो किती रुपयांचा येतो तेही पाठ आहे. कळतं सगळं, वळत काहीच नाही. झोपलेल्याला उठवता येतं. झोपेचं सोंग घेतलेल्याला काय करायचं?

आणि सुरतचं नाव पुढे करू नकोस. याच सुरतमध्ये २०२४ साली पोलिसांनी सिग्नलवर सक्ती केली, आणि भर उन्हात लोक पांढऱ्या रेषेमागे थांबले. तूही थांबलास. १५ फेब्रुवारी २०२५ पासून हेल्मेटची सक्ती झाली, तेव्हा लगेच तुझ्या डोक्यावर हेल्मेट आलं. कुठून आलं? घरातच होतं, माळ्यावर. म्हणजे जमत होतं. दंडुका दिसला की जमतं, बाई दिसली की जमत नाही. पोलीस तुझ्याकडून काय घेणार? पाचशे रुपये. तिचा तर जीव जाईल. भीती कुणाची वाटायला हवी?

आकडे ऐकायचेत? २०२२ मध्ये या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. ना त्यांनी राँग साइड घेतली, ना वेग वाढवला. घरी निघाले होते, कामाला निघाले होते. आणि त्यांच्यावर गेलेल्या गाड्यांपैकी कितीतरी तुझ्यासारख्या पास झालेल्यांच्या हातात असतील. खिशात लायसन्स, हातात स्टिअरिंग. परीक्षेत नव्हतं म्हणून ती माणसं परत येतील का?

तिसरी पळवाट. ‘वेळ नाही, सर.’ सरकारने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम काढले. कारसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम. २१ तास गाडीवर, ८ तास वर्गात. तू माझ्याकडे किती बसलास? पंधरा दिवस, रोज अर्धा तास. त्यात चार दिवस दांडी. वर्गात एकदाही फिरकला नाहीस. पहिल्या दिवशी काय म्हणालास आठवतंय? ‘सर, फक्त ट्रॅकपुरतं करून घ्या.’ फी पूर्ण भरलीस आणि शिक्षण अर्धं मागितलंस. बाजारात साडी घेताना असा सौदा करशील का? पदर नको म्हणून पूर्ण पैसे देशील?

आता जे बोलतो ते कान देऊन ऐक. तू लूमच्या खात्यात काम करतोस. दहा सांचे, म्हणजे दहा माग, एकटा सांभाळतोस. कानठळ्या बसवणारा खडखडाट, अंगावर उडणारा कापूस. त्यात एका सांच्यावर एक तार तुटली तर ती तुला दिसते. पाठ वळलेली असली तरी सांच्याचा आवाज बदलला की तुझी मान फिरते. केसाएवढी तार रे ती! आणि चालती बोलती बाई, डोक्यावर एवढं मोठं पोटलं, ती तुला दिसून न दिसल्यासारखी? डोळे तेच आहेत. खात्यात तार तुटली की कापडात खोट राहते, शेठ पैसे कापतो, म्हणून तिथे तू जागा असतोस. रस्त्यावर मान मुरगाळून पडलेल्याचे पैसे तुझ्या पगारातून कापले जात नाहीत. म्हणून तिथे डोळ्यांवर कातडं.

तुझा बाप धुळ्याहून रिकाम्या हाताने इथे आला. लिंबायतच्या एका खोलीत सहा माणसं राहिली. त्याने सायकल चालवली, तू गाडी घेतोयस. मला आनंद नाही का? आहे. पण तो बाप आजही संध्याकाळी तोच रिंगरोड पायी ओलांडतो. समोरून येणाऱ्या गाडीत तुझ्यासारखाच कोणी बसलेला असतो. त्याने हॉर्न द्यावा की ब्रेक दाबावा? सांग. खाली बघू नकोस, सांग.

परीक्षा बदलेल तेव्हा बदलेल. त्यासाठी अर्ज करू, ओरडू, ते माझ्यावर सोड. पण ती बदलेपर्यंत तू काय करणार? आंधळं दळतं म्हणून तू पीठ खाणार?

उद्या सकाळी नाही, उद्या संध्याकाळी सहाला ये. मार्केट सुटायच्या वेळेला. सहारा दरवाजापासून उधन्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी डावीकडे बसेन. पाय ब्रेकवरच असेल, पण तो मला दाबावा लागता कामा नये. पहिल्या फेरीत जमणार नाही. दुसरी करू. महिनाभर करू. फी एक रुपया जास्त घेणार नाही.

ज्या दिवशी माझा पाय एकदाही हलला नाही, त्या दिवशी पेढे आण. हा पुडा आज घेऊन जा.