दोर कुठे तुटावा?

ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ साली खुद्री महसीर या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. हडपसरच्या उत्तरेकडून मांजरीकडे वाहणारी ती हीच नदी. आज ती शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी पोटात घेऊन जाते. अशा पाण्यातला मासा खाण्याजोगा राहिलेला नाही, त्यामुळे इथे केवळ छंद म्हणून गळ टाकणाऱ्याला पोटाचे कारण सांगता येत नाही. तो मासा धरतो, पाहतो आणि सोडून देतो. ही हिंसा आहे का, आणि असल्यास काळजी घेतल्याने ती कमी होते का, याचे उत्तर मला त्याच्या हुकलिंकमध्ये, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधल्या वीत-दीड वीत तंगुसात दिसते.

जाणकार माणूस हा तुकडा मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचा घेतो. दोरी सहा पौंडांची असेल तर हुकलिंक चार पौंडांची. ताण असह्य झाला की तुटायचे ते गळाजवळच तुटावे, हा त्यामागचा हेतू. उलट केले तर दोरी वर कुठेतरी तुटते आणि तरंगा, शिसे, हातभर तंगूस ओढत निघालेला सायप्रिनस मासा जलपर्णीच्या मुळांत अडकून तिथेच मरतो. मात्र अडगळीच्या पाण्यात फार बारीक हुकलिंक घेणे हीसुद्धा दया नव्हे, कारण ती दर वेळी तुटते आणि गळ माशाच्या तोंडातच राहतो. तिथे दोरी आणि हुकलिंक दोन्ही जाड घ्यावी लागतात. लांबीचेही तसेच आहे. तुकडा लांब असला तर तरंगा हलेपर्यंत मासा गळ घशापर्यंत गिळून बसतो. म्हणजे माशाचे काय होणार, याचा बराचसा निर्णय काठावर बसून गाठ मारतानाच झालेला असतो. नंतर जे घडते त्याला अपघात म्हणण्याचा अधिकार मग उरत नाही.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. त्या कसोटीवर, हाताला लागेल तो तंगूस बांधणारा माणूस मासा लागण्याआधीच दोषी ठरतो. यावर जैन विचारातूनच आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. गृहस्थाला शेतीतली, चुलीवरची, उपजीविकेतली हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, पण संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा त्याने सोडायलाच हवी. छंदाचा गळ संकल्पानेच टाकला जातो. काळजीने बांधलेली हुकलिंक तो संकल्प पुसू शकत नाही. महाभारतातला धर्मव्याध मांस विकूनही धर्म सांगू शकला, कारण तो त्याचा कुळाचा व्यवसाय होता. भोई समाजाच्या जाळ्यालाही तोच न्याय लागू होतो, पण रविवारच्या छंदाला होत नाही.

दुसरा आक्षेप असा की माशाला वेदनाच होत नाहीत. वेदना जाणवायला लागणारा मेंदूचा बाह्य थर माशात नाही, असे शास्त्रज्ञ जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी संशोधक लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा टिपणारे चेतातंतू दाखवले. ओठांत आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते आणि बराच वेळ खात नव्हते. वाद अजून मिटलेला नाही. पण हुकलिंक विचारपूर्वक निवडणाऱ्याने तो स्वतःपुरता मिटवला आहे. मासा दगडासारखा असता तर दोर कुठे तुटतो याची फिकीर त्याने कशाला केली असती? माशाचे दुःख मोजण्याजोगे आहे, हे त्याच्या हातांनी कबूल केले आहे. त्यामुळे ‘त्याला काय कळते’ हा बचाव त्याला आता वापरता येत नाही. हुकलिंक चांगली बांधायला तो जितका शिकतो, तितके मुळात गळ का टाकायचा याचे उत्तर देणे त्याला भाग पडते, आणि मुळा-मुठेच्या काठावर तरी मला ते उत्तर सापडत नाही.