रोपाची संमती

गेल्या आषाढात एकाच दिवशी, एकाच मुलाविषयी, परस्परविरुद्ध अशा दोन तक्रारी माझ्या कानी आल्या. सकाळी आमची शेजारीण, सत्तरी उलटलेली शेतकरी बाई, लावणीसाठी खाचराकडे निघाली असता कुंपणापाशी थांबली आणि आपल्या कादोडी बोलीत मला म्हणाली की, नातू सुट्टीत आला खरा, परंतु तो आता आमचा राहिला नाही. स्वतःचे नावसुद्धा निराळ्याच सुरात सांगतो. रात्री त्याच मुलाच्या आईचा कॅनडाहून दूरध्वनी आला. ती म्हणाली, "सर, दोन वर्षे झाली, पण हा काही इकडचा होत नाही. कोणात मिसळत नाही, मोकळा बोलत नाही. तुम्ही त्याला चार शब्द सांगा." मुलगा चौदाव्या वर्षी आईबापांबरोबर तिकडे गेला होता, आता त्यास सोळावे लागले आहे. आजीच्या मते तो फार बदलला, आईच्या मते पुरेसा बदलला नाही. अशा मुलास चार शब्द सांगण्याचा अधिकार मला, किंबहुना आम्हां वडीलधाऱ्यांपैकी कोणालाही, कितपत पोचतो, ह्याचा विचार करू लागलो आणि त्यातूनच हा लेख निघाला.

वसईच्या माणसास परदेश नवा नाही. ज्याच्या नावाचे महाविद्यालय आज आमच्या गावात आहे तो संत गोन्सालो गार्सिया १५५६ च्या सुमारास येथेच जन्मला, येथील जेझुइट पाद्र्यांपाशी शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानात गेला. तेथील भाषा त्याने इतकी आत्मसात केली की, पुढे फ्रान्सिस्कन पंथात शिरल्यावर त्याच्या वरिष्ठांस जपानच्या सत्ताधीशापुढे, हिदेयोशीपुढे, त्याच्याच तोंडाने बोलावे लागले. १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर त्यास क्रुसावर चढविण्यात आले. त्याच्या हौतात्म्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष मात्र त्याच्या दुभाषेपणाकडे जाते. कोवळ्या वयात परमुलखात पडलेल्या मुलाच्या वाट्यास पहिली नोकरी येते ती बहुधा हीच. आमच्या शेजारणीचा नातूही तिकडे बँकेत, दवाखान्यात आणि घरमालकापुढे आपल्या बापाचे म्हणणे दुरुस्त करून सांगतो. बाप शब्दांसाठी अडलेला पाहणे आणि तो शब्द आपण पुरविणे, ही चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे. घरातील वडीलकीची उतरंडच त्या क्षणी हलते आणि ती हलली हे दोघांनाही कळते.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत कामास माणसे हवी झाली, तेव्हा वसईच्या घराघरांतून पुरुष तिकडे गेले. परंतु त्या जाण्यात घर बहुधा मागे राहात असे. आखाती देश परक्यांस सहसा नागरिकत्व देत नाहीत. त्यामुळे परतणे हे जाण्यातच ठरून गेलेले असे. आता कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांकडे जी कुटुंबे निघाली आहेत, ती कायमची राहावयास निघाली आहेत. पूर्वी बाप दुरावत असे. आता मुलाचे अंगण, शाळा, मित्र, आजी आणि बोली ही सारी एका रात्रीत दुरावतात. आणि ज्याचे दुरावते त्याने तो बेत केलेला नसतो.

"आम्ही गेलो ते मुलांसाठीच," असे आईबाप म्हणतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु मुलांसाठी जाणे आणि मुलांच्या संमतीने जाणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, माणूस एखाद्या राज्यात राहतो एवढ्यावरून त्याने त्या राज्यास मूक संमती दिली असे मानता येईल काय, हा प्रश्न घेतला आहे. तो विचारतो, झोपेत असताना ज्यास उचलून जहाजावर ठेवले त्याने केवळ जहाजावर राहून कप्तानाची सत्ता पत्करली असे म्हणावयाचे काय? त्यास सोडून जावयाचे तर समुद्रात उडी घ्यावी लागेल. वर्गात हा दृष्टान्त मी अनेक वर्षे शिकवीत आलो; परंतु विमानात बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या मुलास तो किती तंतोतंत लागू पडतो, हे मला ह्या वर्षी प्रथमच जाणवले.

ह्यावर कोणी म्हणेल की, मुलाची संमती घ्यावयाची तर संसारच चालावयाचा नाही. हा आक्षेप मोलाचा आहे. गाव न सोडणे हासुद्धा मुलास न विचारता घेतलेला निर्णयच असतो, आणि उद्या तोच मुलगा "तुम्ही मला येथेच का ठेवले?" असे विचारू शकतो. तेव्हा निर्णय घेण्याचा आईबापांचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु अधिकार असला म्हणजे ऋण नसते, असे नाही. १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने जो बालहक्कांचा करार स्वीकारला आणि ज्यास कॅनडाने १९९१ त व भारताने १९९२ त मान्यता दिली, त्याचे बारावे कलम एवढेच सांगते की, ज्या मुलास स्वतःचे मत बनविता येते त्यास त्याच्यासंबंधीच्या बाबतीत बोलू द्यावे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मतास वजन द्यावे. मुलाचे म्हणणे मान्यच करावे, असे ते म्हणत नाही. आपल्याकडील जुना शिष्टाचारही सोळाव्या वर्षी मुलास मित्रासारखे वागवावयास सांगतो. चौदाव्या वर्षी तो निम्मा मित्र झालेला असतो.

आमच्या प्रांतात ह्यावर एक सोयीस्कर दाखला दिला जातो, तो भाताच्या रोपाचा. राबातील रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की उपटावे, चिखलणी केलेल्या खाचरात लावावे. काही दिवस ते पिवळे पडते, मग हिरवे होते, आणि राबातच राहिले असते तर जे पीक दिले नसते ते देते. तेव्हा पोरे कोवळी असतानाच न्यावी, आपोआप रुजतात! दाखला खोटा नाही, परंतु तो देणारे त्यातील दोन गोष्टी विसरतात. पहिली अशी की, आमच्याकडे रोप बहुधा एकटे लावीत नाहीत. दोन-तीन रोपांचा चूड मिळून लावतात. परदेशच्या वर्गात हे रोप एकटेच उभे असते. दुसरी अशी की, रोपास राबाची आठवण नसते. ते पिवळे पडले म्हणून कोणी त्यास कृतघ्न म्हणत नाही, आणि नव्या खाचरात हिरवे झाले म्हणून जुने खाचर त्याच्यावर रुसत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र आपण दोन्हीही करतो. कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स ह्यांनी दाखवून दिले आहे की, परभाषेत आलेले मूल बोलण्याचालण्यापुरती भाषा सुमारे दोन वर्षांत उचलते. परंतु अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांस गाठावयास त्यास पाच ते सात वर्षे लागतात. आई दोन वर्षांनी जाब विचारते तेव्हा मुलगा निम्म्या वाटेवरही पोचलेला नसतो, आणि आजीस वाटते की तो केव्हाच पोचला!

ह्याच संदर्भात मला दामोदर कोसंबी ह्यांचे चरित्र आठवते. गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा मुलगा १९१८ साली, अकराव्या वर्षी, वडील धर्मानंद आणि थोरली बहीण माणिक ह्यांच्याबरोबर अमेरिकेतील केंब्रिज येथे गेला. तेथील शाळेत शिकला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन मायदेशी परतला. पुढे ह्याच गणितज्ञाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, पुण्याभोवतालची माळराने तुडवून अश्मयुगीन हत्यारे वेचली, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासास नवे वळण देणारा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. हे उदाहरण देऊन "पाहा, परदेशी नेल्याने मुले मोठी होतात" असे मी म्हणणार नाही. थोरांच्या चरित्रांतून घरगुती नियम काढू नयेत. मला त्यात दिसते ते वेगळेच. धर्मानंदांनीही घर सोडले होते. परंतु ते बुद्धाच्या शोधात, स्वतःच्या ओढीने, पत्नी व तान्ह्या मुलीस मागे ठेवून, एकोणिसावे शतक सरताना सोडले होते. त्या प्रवासाची हकीकत त्यांनी 'निवेदन' ह्या आत्मचरित्रात स्वतः सांगितली. बाप निघाला होता, मुलास नेले होते. एकाच घरातील दोन प्रवासांत हे अंतर आहे, आणि वरकरणी दोन्ही प्रवास सारखेच दिसतात.

मग मुलाचे काहीच कर्तव्य नाही काय? आहे. "मला विचारले नव्हते" हे वाक्य जन्मभर पुरविता येत नाही. दोन बोली, दोन ऋतुचक्रे आणि दोन आज्ञाधारकपणा पदरात पडलेल्या माणसाने सज्ञान झाल्यावर त्यांचे काय केले, ह्याचा जबाब त्यासच द्यावा लागेल. परंतु हा हिशेब पुढचा आहे. आजचा हिशेब वडीलधाऱ्यांकडे आहे. जे मागितले नव्हते त्याबद्दल कृतज्ञता वसूल करता येत नाही. ती झाली तर आपसूक होते. आणि जे गमावले ते गमावलेच आहे, हे मुलास मोकळेपणी म्हणता यावे, एवढी जागा घरात ठेवणे, हे त्या ऋणाचे पहिले व्याज आहे. एकाच वेळी तिकडच्यासारखा हो आणि होता तसाच राहा, अशी मागणी करणाऱ्यांनी त्यापैकी निदान एक मागणी मागे घ्यावी.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला तेव्हा मी खाचराकडे गेलो. मुलगा गुडघाभर चिखलात आजीच्या मागोमाग रोपे लावीत होता. त्याची ओळ वाकडी जात होती. चार शब्द सांगण्याऐवजी मी त्यास एकच प्रश्न विचारला: जाण्यापूर्वी तुला कोणी विचारले होते का?

तो थोडा थांबून म्हणाला, "विचारलं होतं, सर. तिकिटं काढल्यावर."

"आधी विचारले असते तर?"

"हो म्हणालो असतो, बहुतेक."

त्या "बहुतेक"वर मी पुष्कळ विचार केला. उत्तर तेच येणार होते. तरीही प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर तो मुलगा त्या विमानात स्वतःच्या पायांनी चढला असता. त्या रात्री मी त्याच्या आईस दूरध्वनी केला आणि चार शब्द मुलाऐवजी तिलाच सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तो आला की विचारीन." खाचरात आजीने त्याची वाकडी ओळ उपटली नाही, तशीच राहू दिली आहे.