फोनने कोणाचं ऐकावं?

ऑफिसातला आयपी फोन खोक्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला स्वतःचा नंबरही ठाऊक नसतो. नेटवर्कची वायर खोचली की त्याच वायरीतून त्याला वीज मिळते, पडदा उजळतो आणि तो नेटवर्कवर सगळ्यांनाच उद्देशून विचारतो, माझा पत्ता कोणता? डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो आणि त्याच उत्तरात, 66 क्रमांकाच्या पर्यायात, बाकीचं कोणाकडे विचारायचं तेही सांगून टाकतो. फोन त्या सर्व्हरकडे जातो आणि स्वतःच्या मॅक ॲड्रेसच्या, म्हणजे कारखान्यात मिळालेल्या ओळखक्रमांकाच्या, नावाची फाइल मागतो. सिस्कोच्या फोनांत या नावाआधी ‘एसईपी’ ही अक्षरं असतात आणि पुढे बारा अंक-अक्षरांचा मॅक ॲड्रेस. फाइलमध्ये सगळं असतं: एक्स्टेन्शन, पडद्यावर दिसणारं नाव, कॉल कोणत्या सर्व्हरमार्फत जायचे आणि त्यासाठीचा पासवर्ड. फाइल उतरली की थोड्याच वेळात तो फोन ‘लेखा विभाग, 214’ झालेला असतो.

यातलं त्याने स्वतः काहीच पडताळलेलं नाही. तो कोण आहे हेसुद्धा त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं आहे.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान खरं कधी मानावं, हा भारतीय दर्शनांतला फार जुना वाद आहे. न्यायदर्शन शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानतं, पण सांगणारा आप्त असला तरच. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनांनी या आप्ताला दोन अटी घातल्या आहेत. त्याला विषयाचं प्रत्यक्ष ज्ञान हवं आणि जसं जाणलं तसंच सांगण्याची इच्छा हवी. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सगळ्यांना हे लक्षण सारखंच लागू आहे, असंही ते स्पष्ट म्हणतात. म्हणजे अधिकार जन्माने किंवा पदाने येत नाही.

मीमांसकांची भूमिका वेगळी. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी ती नेटाने मांडली. ज्ञान झालं की ते मुळातच प्रमाण असतं. त्याच्या खरेपणासाठी आणखी एक पुरावा मागत बसलं तर त्या पुराव्यालाही पुरावा लागेल आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही. म्हणून ज्ञान खरं धरून चालावं. ते खोटं ठरतं ते दोन कारणांनी: त्याच्या विरुद्ध जाणारं बाधक ज्ञान झालं, किंवा ज्या कारणातून ते उपजलं त्यातच दोष सापडला.

जुन्या पद्धतीचा फोन हा असा मीमांसक असतो. फायली देण्यासाठी वर्षानुवर्षं वापरला गेलेला टीएफटीपी हा नियम 1992 साली आजच्या रूपात पक्का झाला. त्यात ना युजरनेम, ना पासवर्ड. जो उत्तर देईल त्याचं खरं. याचा धोका दोन्ही बाजूंनी आहे. नेटवर्कवर कोणी खोटा सर्व्हर उभा केला तर फोन त्याचंही मुकाट ऐकतो. उलट, मॅक ॲड्रेसमधली पहिली सहा अंक-अक्षरं उत्पादकाची असल्यामुळे उरलेल्या सहांच्या शक्यता 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 इतक्याच राहतात. संगणकाला एवढे अंदाज बांधणं अवघड नाही. बरोबर लागलेल्या प्रत्येक अंदाजासरशी एका फोनचा पासवर्ड हाती येतो आणि मग परदेशी कॉलचं बिल त्या ऑफिसच्या नावावर चढतं.

म्हणून आता जाणकार लोक या कामासाठी एचटीटीपीएसचा वेब सर्व्हर उभारतात. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, आणि कारखान्यातच प्रमाणपत्र बसवलेला फोन असेल तर त्याच्याकडूनही ते मागता येतं. ही नैयायिकांची वाट झाली: आधी सांगणाऱ्याची पारख, मग विश्वास. पण कुमारिलांची शंका इथेही पाठ सोडत नाही. प्रमाणपत्राची मुदत तपासायची तर आज तारीख काय हे ठाऊक हवं. वीज गेल्यावर अनेक फोनांचं घड्याळ शून्यावर येतं, तेव्हा वेळ पुन्हा नेटवर्कवरच विचारावी लागते. वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ताही बहुधा त्याच डीएचसीपीकडून, 42 क्रमांकाच्या पर्यायातून येतो. प्रमाणपत्रांच्या साखळीचं शेवटचं टोक पाहावं तर मूळ प्रमाणपत्रावर सही असते ती त्याची स्वतःचीच.

2011 मध्ये हे टोक तुटलं. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली आणि गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र निघालं. सही अस्सल होती, मजकूर खोटा होता. सुमारे 3 लाख आयपी पत्ते या फसवणुकीच्या कक्षेत आले, त्यांतले बहुतेक इराणमधले. उलगडा झाला तो क्रोम ब्राउझरमुळे. गुगलची खरी प्रमाणपत्रं कोणती हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून त्याने इशारा दिला. कुमारिलांच्या भाषेत हे बाधक ज्ञान. पुढे तपासात कंपनीच्या यंत्रणेतले दोष उघड झाले, तो कारणदोष. ब्राउझरांनी डिजिनोटारवरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिचं दिवाळं निघालं.

यातून नैयायिकांची बाजू पडते असं मात्र नाही. प्रमाणपत्र फक्त बोलणारा कोण आहे ते सांगतं. त्याला नीट माहिती आहे का आणि तो खरं सांगू इच्छितो का, हे वात्स्यायनांचे दोन्ही प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्यांचं उत्तर सर्व्हर उभारणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामातून द्यावं लागतं. विश्वासाने सुरुवात केल्याशिवाय कोणतंही यंत्र चालू होत नाही, इथवर मीमांसक बरोबर आहेत. पण यंत्राला शंका घेता येत नाही, म्हणून त्याच्या वाट्याची शंका माणसाने घेणं हे त्या माणसाचं नैतिक कर्तव्य आहे.

ज्यांच्याकडे असे फोन आहेत त्यांनी आपल्या तंत्रज्ञाला या आठवड्यात चार गोष्टी विचाराव्यात. फायली अजून टीएफटीपीवरून जातात का? त्या ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याची यादी बाहेरच्या कोणाला दिसते का? फोनचे कारखान्यातले मूळ पासवर्ड बदलले का? आणि सर्व्हरची नोंदवही शेवटची कोणी, कधी वाचली?